अखंड काचोबा

काच रोमन निघाली. दोन हजार वर्षांपूर्वीची, इजिप्तच्या वाळूची, शंका घ्यायला जागा नाही इतकी रोमन.

आता हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मौजे पिंपळटाकळीच्या ग्रामसभेने ही काच कधी तपासलीच गेली नाही असं बहुमताने ठरवलेलं आहे, आणि बहुमतापुढे रसायनशास्त्राचं मत ते केवढं. तेव्हा काच निघाली, इथपर्यंतच आपण खरं धरू. कुठून निघाली यावरही सरकारी कागद आहे, पण तो जरा पुढे येईल.

पिंपळटाकळी पाटोदा तालुक्यात येते. तालुक्याच्या नकाशात दिसते, रस्त्यावरून दिसत नाही. वैशाखात तिथल्या भारत नावाच्या शेतकऱ्याने आपल्या गट नंबर दोनशे चौदामध्ये शेततळं खोदायला घेतलं. जेसीबी हनुमानचा होता. दहा फुटांखाली काळी माती संपून राखेच्या रंगाची मऊ माती लागली, जुन्या वस्तीखाली असते तशी, आणि तिच्यासोबत बकेटमधून तळहाताएवढी एक काच वर आली. जवळजवळ बिनरंगाची, किंचित हिरवट, एका अंगाला चार जाड उभे कंगोरे. बकेटचा दात लागून तिच्या काठाची ज्वारीच्या दाण्याएवढी कपची उडाली. भारतने आधी काच उचलली, मग ढेकळांत हात घालून कपचीही शोधून काढली. ती कुठं ठेवावी सुचेना, म्हणून त्याने ती खिशातल्या चुन्याच्या डबीत टाकली आणि मुलीला फोन लावला.

मुलगी म्हणजे पंचशीला. ती विद्यापीठात जुन्या काचेच्या रासायनिक पृथक्करणावर पीएच.डी. करत होती, त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तिला हातात घ्यायला मिळालेली जुनी काच म्हणजे एकूण अकरा मणी, आणि त्या मण्यांपायी लिहिलेली पत्रं सत्तावीस. मणी बघताना समोर एक कर्मचारी बसवलेला असायचा, तिने ते गिळू नयेत म्हणून. अशा मुलीला बाप फोनवर म्हणाला, "पंचू, तुझी काच घावली बघ आपल्या रानात." जणू ती मागच्या सुट्टीत तिथं विसरून आली होती.

तिने कंगोरे किती ते विचारलं, जाडी विचारली, आणि मग ती प्रयोगशाळेतल्या स्टुलावर खाली बसली. असल्या कंगोऱ्यांच्या वाट्या रोमन लोक साच्यावर करत. जहाजातून त्या आपल्या किनाऱ्याला लागत, तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढून तेरच्या बाजारापर्यंत येत. फोटोत तिने अशा शेकडो पाहिल्या होत्या. तिने बापाला तीन गोष्टी सांगितल्या: काच धुवायची नाही, सुती कापडात गुंडाळायची, आणि कोणाला दाखवायची नाही. भारतने पहिल्या दोन तंतोतंत पाळल्या.

तिसरी पाळणं त्याच्या हातात नव्हतं. गावात एखादी गोष्ट खरी व्हायची तर ती आधी राधाकिशन अण्णांच्या ओट्यावर न्यावी लागते. अण्णा माजी सरपंच. आजी सरपंच त्यांच्या पत्नी, आणि भावी सरपंच म्हणून सुनेला लिहायला-वाचायला शिकवणं चालू होतं, ती एम.ए. होती, पण अण्णांना ते कोणी सांगितलं नव्हतं. गट नंबर दोनशे पंधरा त्यांचा, भारतच्या बांधाला लागून. भारत ओट्याच्या खालच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने कापड उघडलं. अण्णांनी काच उन्हात धरली, दाताखाली धरली, आणि आईला हाक मारली.

अण्णांच्या आई छबुबाई. वय नव्वदीच्या अल्याड-पल्याड, नजर अधू, श्रद्धा धडधाकट. त्यांनी कंगोऱ्यांवरून बोट फिरवलं आणि या नागाच्या चार फडी आहेत असं सांगितलं. पाचवी कुठंय असं कोणी विचारलं नाही. लगेच हळदकुंकू वाहिलं गेलं, तासाभरात तेलात कालवून शेंदूर चढला, दिवस मावळायच्या आत नाव पडलं. काचोबा.

या जिल्ह्यात देवाच्या शोधात डोंगर पालथे घालणारी माणसं हजारोंनी असतील. देव सापडला तो एकोणीसशे छप्पन साली देव सोडून दिलेल्या घराला. भारतला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला काच परत पाहिजे होती, पोरीच्या अभ्यासाची वस्तू म्हणून. तसं त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं. अण्णांचं हे एक होतं, ते सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, आणि घेतलेलं परत द्यायचे नाहीत.

"घावली तुझ्या रानात, असं तू म्हणतो," अण्णा म्हणाले. "बरं. पण प्रकटली तर माझ्या दारात ना? घावणं येगळं अन् प्रकटणं येगळं, भारत."

हा फरक तोवर कोणाच्या लक्षात आला नव्हता. तलाठ्याच्या आला. चौथ्या दिवशी अण्णांच्या ओट्यावर बसून पंचनामा झाला, त्यात प्रकटस्थळ म्हणून गट नंबर दोनशे पंधरा पडला. ओट्यावर शेत कसं आलं, हा प्रश्न तलाठ्याला पडला नाही, कारण त्याला चहा आला होता. छापील नमुन्यात 'वस्तू कोणास सापडली' असा रकाना होता. तिथं लिहिलं, 'स्वयंभू'.

पंधरा दिवसांत दोनशे पंधरामध्ये पत्र्याचा मंडप उभा राहिला. वेशीवर फ्लेक्स लागला, त्यावर अण्णा चार फुटांचे आणि काचोबा चार इंचांचा. देवस्थानचा ट्रस्ट नोंदवला गेला, 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा प्रस्ताव गेला. जमीन सपाट करायचं काम हनुमानच्या जेसीबीला मिळालं. त्यानंतर हनुमानला कोणी विचारलं की काच कुठल्या गटात निघाली, तर तो म्हणायचा की आपण तेव्हा मोबाईल बघत होतो. जमिनीबरोबर त्याची आठवणही सपाट झाली होती.

दर्शनाला भारतला कोणी अडवलं नाही. कोणी तसं म्हटलं तर अण्णांना फार वाईट वाटायचं. फक्त भारत रांगेत लागला की आरतीची वेळ व्हायची.

पंचशीला आली ती गाइडचं पत्र आणि एक यंत्र घेऊन. हातात धरायचं एक्स-रे यंत्र, वस्तूला टेकवून चाप ओढला की आत कुठली मूलद्रव्यं किती आहेत ते पडद्यावर येतं. दिसायला थेट पिस्तूल. ते बनवणाऱ्या परदेशी माणसांच्या डोक्यात हे आलं नसणार की एक दिवस कोणीतरी ते पाटोदा तालुक्यात देवासमोर धरेल.

मंडपात तिने काच पाहिली, म्हणजे पाहिली असं म्हणायचं. महिन्याभराच्या शेंदराखाली काच होती की कांदा, हे सांगता आलं नसतं. एवढा प्रवास करून, समुद्र ओलांडून, दोन हजार वर्षं मातीत गप्प पडून राहिलेली वस्तू शेवटी पिंपळटाकळीत येऊन केशरी गोळा झाली होती. तिने अण्णांना विनंती केली की मागच्या अंगाने नखाएवढा शेंदूर पुसू द्या, यंत्राला शेंदराच्या पलीकडचं दिसत नाही.

"देवाच्या आत काय बघायचं हाय तुला?" अण्णांनी विचारलं.

"वाळू," ती म्हणाली.

"रानात लई हाय की. तिथं बघ."

आजूबाजूचे हसले. अण्णांच्या विनोदाला हसायला माणसं ठेवलेली नव्हती, ती आपणहून यायची. पंचशीलाने मग शेंदरावरच यंत्र टेकवलं, निदान काहीतरी नोंद व्हावी म्हणून. चाप ओढला. पडद्यावर शिसं आलं, एकसष्ट टक्के. येणारच होतं. शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म. तिने मोजला तो देव नव्हता, देवाचा मेकअप होता.

हे ती सांगेपर्यंत उत्तरेश्वर सरांनी पडदा वाचला. उत्तरेश्वर सर म्हणजे इतिहासाचे निवृत्त शिक्षक आणि एका इतिहास संशोधन मंडळाचे अध्यक्ष. मंडळ त्यांनीच काढलं होतं आणि सभासदांत मतभेद नकोत म्हणून दुसरा सभासद घेतला नव्हता. सातवाहनांची नाणी शिशाची असत, हे त्यांना माहीत होतं. या एका माहितीवर त्यांचं तीस वर्षं चाललं होतं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ही काच नसून सातवाहनांच्या टांकसाळीत ओतलेला शिशाचा देव आहे, आणि आधुनिक विज्ञानाने तसा निर्वाळा दिलेला आहे. पंचशीलाने सांगितलं की सर, ते शेंदराचं शिसं आहे. सर म्हणाले, शेंदरात शिसं कुठून आलं? देवातून उतरलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात सरांचा लेख आणि मोबाईलवर पंचशीलाचा फोटो आला. फोटोत ती देवावर पिस्तूल रोखून उभी होती. ठाण्यातून फोन आला, शस्त्राचा परवाना आहे का म्हणून. तिने सांगितलं की हे शस्त्र नाही, मोजणीचं यंत्र आहे. पलीकडून विचारणा झाली की मोजणीचं आहे तर भूमी अभिलेखची परवानगी आहे का.

त्या संध्याकाळी ती अंगणातल्या बाजेवर बसून यंत्र पेटीत भरत होती. आई मुक्ताबाई भाकरी थापत होती आणि पोरीकडे बघून बघून एकेक भाकरी जाड करत होती. भारत तंबाखू मळायला बसला, डबी उघडली, बोटाने चुना काढताना थांबला.

"पंचू, हे तुला लागल का?" त्याने बोट पुढं केलं. बोटावर चुन्यात माखलेला एक दाणा होता.

कपची त्याने कुठून आणली, कधी उडाली, हे सगळं त्याने नीट सांगितलं. पंचशीलाने कपाळाला हात लावला आणि विचारलं, आबा, महिनाभर हे का सांगितलं नाही?

"तू इचारलं काच कुठं हाय. कपची कुठं हाय म्हणून कवा इचारलं?"

शास्त्रज्ञाचं उत्तर होतं. 

महिनाभर चुन्यात राहिलेल्या काचेवर कॅल्शियमचा लेप चढलेला असतो, पण तो उतरवता येतो. सौम्य आम्ल, मग शुद्ध पाणी, मग पुन्हा आम्ल. कपचीला अजून कोणी देव केलेलं नव्हतं, म्हणून तिला आंघोळ घालता आली. मग ती मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्राखाली गेली. तिथं लेझरने केसापेक्षा बारीक भोक पाडून आतली काच जाळतात आणि धुरातली मूलद्रव्यं मोजतात. यंत्राची पाळी मिळायला सात आठवडे लागले, मोजायला अकरा मिनिटं.

निकाल असा होता की मनिषा मॅडमनी, म्हणजे तिच्या गाइडनी, तो वाचून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. काचेतला सोडा नॅट्रॉनचा होता, इजिप्तच्या खाऱ्या तळ्यांकाठी सापडणारा तो क्षार. लाकडाची राख वापरली असती तर पोटॅश आणि मॅग्नेशियम चढलं असतं, ते खाली होतं. आपल्याकडच्या जुन्या काचेत अॅल्युमिना भरपूर निघतो, इथं तो बेताचा होता. आजच्या कारखान्यातल्या काचेची वाळू धुऊन इतकी स्वच्छ केलेली असते की तिच्यात इतर खनिजांचा मागमूस उरत नाही, इथं तो होता. काचेचा हिरवा रंग घालवायला कोणीतरी अँटिमनी टाकलेला होता, आणि वाळूतल्या टायटॅनियम-झिर्कोनियमचं प्रमाण थेट इजिप्तकडे बोट दाखवत होतं. भट्टी इजिप्तची, काळ रोमन, माल अस्सल.

दोन हजार वर्षांपूर्वीची वाळू भूमध्य समुद्राच्या कुठल्या किनाऱ्यावरून उचलली, हे जगातलं विज्ञान सांगू शकत होतं. वाटी गट नंबर दोनशे चौदात सापडली की दोनशे पंधरात, हे सांगायला मात्र तलाठी लागतो. मॅडमनी तेच म्हटलं. प्रबंधातलं हे प्रकरण देशभर गाजेल, पण सापडण्याची जागा आणि सापडवणाऱ्याचं नाव सरकारी कागदावर पाहिजे. पंचनामा दुरुस्त करून आण.

मॅडमनी सांगितलं नसतं तरी तिला तेच हवं होतं. चार वर्षं तिने दुसऱ्यांचे अहवाल वाचले होते. त्या सगळ्या अहवालांत वस्तू कोणा साहेबाला, नाहीतर कोणा प्राध्यापकाला सापडलेल्या असत. ज्याच्या कुदळीखाली ती निघाली तो 'एक मजूर'. कधी तेवढंही नाही, नुसतं 'उत्खननात आढळली', जणू खड्डा स्वतःच स्वतःला खणत होता. तिला एका छापील पानावर, एका रकान्यात आपल्या बापाचं नाव पाहिजे होतं. बाकी पदवीचं तिला नंतर बघता आलं असतं.

तिच्या दुरुस्तीच्या मागणीचा विषय अण्णांनी ग्रामसभेत घेतला, कारण रोमन हा शब्द त्यांना आवडला होता. सभा श्रावणात, काचोबाच्या मंडपातच झाली. पंचशीलाने अहवाल मराठीत लिहून आणला होता, तो तिने वाचला. वाचताना शेजारी भारत टोपी हातात धरून उभा होता. रोमन म्हणताच टाळ्या पडल्या. अण्णांनी ताबडतोब सांगितलं की 'क' वर्ग सोडा, आता 'अ' वर्ग, आणि वेशीवर रोमन पद्धतीची कमान. रोमन पद्धत कशी असते, यावर उत्तरेश्वर सर बोलणार होते, पण इतक्यात इजिप्तचा उल्लेख आला आणि सभेचा चेहरा उतरला.

रोम चाललं असतं. रोम लांबचं, श्रीमंत, आणि तिथलं कोणी ओळखीचं नव्हतं. इजिप्तबद्दल सभेच्या मनात काय काय होतं ते कोणी उघड बोललं नाही, पण एकाने विचारलं की अहवालातलं इजिप्त थोडं कमी करता येतं का. दुसऱ्याने सुचवलं की अँटिमनी अर्ध्यावर आणून उरलेली जागा गोदावरीच्या वाळूला द्यावी. ग्रामसेवकाने ते लिहूनही घेतलं. उत्तरेश्वर सर उभे राहून म्हणाले की त्यांचा शिशाचा सिद्धांत अजून कोणी खोडलेला नाही, तेव्हा एकसष्ट टक्क्यांना धक्का न लावता उरलेल्या एकोणचाळीसमध्ये रोमने आणि इजिप्तने आपसात बघून घ्यावं.

पंचशीला शांतपणे म्हणाली की टक्के ठरावाने बदलत नाहीत. तिला फक्त एक दुरुस्ती हवी आहे. गट नंबर दोनशे चौदा, आणि सापडवणाऱ्याच्या रकान्यात भारत. बाकी देव तुमचा, कमान तुमची.

अण्णा विचारात पडले. सौदा वाईट नव्हता. ते बहुधा हो म्हणाले असते. पण मागून, बायकांच्या बाजूने, छबुबाईंचा आवाज आला.

"ही पोरगी तपासली म्हणती ते काय तपासलं? देव तर हितंच हाय."

कपची, असं पंचशीलाने सांगितलं. जेसीबीचा दात लागून उडालेली.

"कशाची कपची?"

"काचोबाची, आजी."

"म्हंजी काचोबाचा टवका गेलाय?"

 देव भंगलेला असला तर त्याची पूजा होत नाही. त्याला पाण्यात सोडावं लागतं. हे तिथल्या प्रत्येकाला, पंचशीलालाही, पाळण्यातल्या वयापासून माहीत होतं. मुळात तो वाटीचा तुकडा आहे, म्हणजे सगळाच्या सगळा टवकाच आहे, हे तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं, कारण अण्णा आता तिच्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच ते हसत नव्हते. त्यांच्यासमोर मंडप होता, ट्रस्ट होता, प्रस्ताव होता, आणि हे सगळं ज्वारीच्या एका दाण्यावर येऊन उभं होतं.

"नीट इचार करून सांग, बाई," अण्णा म्हणाले. "कपची हाय का न्हाई? हाय म्हणलीस तर देव भंगला. मंग उद्या सकाळी वाजतगाजत नेऊन राक्षसभुवनला गोदावरीत सोडतो. न्हाई म्हणलीस तर ऱ्हाईल हितंच."

असा पेच कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. खरं बोललं तर काच नदीत, आणि वर्षभराच्या गाळात ती पुन्हा दोन हजार वर्षांसाठी गेली. खोटं बोललं तर काच शेंदराखाली जिवंत राहते, पण ती कोणी तपासली नाही, ती कोणाला सापडली नाही. पंचशीला उभी होती. तिने तोंड उघडलं होतं, आणि ती 'हाय' म्हणणार होती. तिला तेवढं एक वाक्य, एकदा, माईकवरून म्हणायचंच होतं.

तिच्या आधी भारत बोलला.

"न्हाई," तो म्हणाला. "कपची-बिपची काय न्हाई अण्णा. माझ्या डबीत चुन्याचा खडा व्हता. पोरीला काच वाटली."

तो पंचशीलाकडे बघत नव्हता. त्याने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

"आबा, कावून?" ती हळू म्हणाली. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"ऱ्हाऊ दे पंचू. हितं असली तर कवातरी बघशील. नदीत गेल्यावर काय बघणार हायस?"

ठराव लगेच झाला. काचोबा अखंड असून त्याचा कोणताही भाग निघालेला नाही. ज्याअर्थी भाग निघालेला नाही, त्याअर्थी तपासणी झालेली नाही. ज्याअर्थी तपासणी झालेली नाही, त्याअर्थी अहवाल वाचण्यात आलेला नाही. सूचक हनुमान, अनुमोदक उत्तरेश्वर सर. हात वर झाले. भारतचाही झाला, आणि मोजताना ग्रामसेवकाने तो धरला नाही. रोमन कमानीचा विषय मात्र पुढच्या सभेसाठी राखून ठेवण्यात आला. ती कशाच्या आधारावर, असं कोणी विचारलं नाही.

पंचशीला आठ दिवस घरी राहिली. बापाशी ती बोलत होती, पण पाऊसपाण्याचं. मग एक दिवस तिने विद्यापीठाला मुदतवाढीचं पत्र पाठवलं, आईकडून कागद मागून घेतला, आणि बाजेवर बसून दुसरा एक अर्ज लिहिला. भारतने तो हातात घेऊन दोनदा वाचला. हे कोणी मंजूर करत नसतं, असं तो म्हणाला. मग खिशातून पेन काढून, साक्षीदार म्हणून त्याने खाली स्वतःची सही केली. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात जमा आहे, त्यावर शिक्का आहे, आणि त्यावर आजतागायत कोणी चहाचा कपसुद्धा ठेवलेला नाही. मजकूर असा:

"महोदय,

विषय: मौजे पिंपळटाकळी, ता. पाटोदा, जि. बीड येथील श्री काचोबा यांचा जबाब नोंदवणेबाबत.

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, श्री काचोबा देवस्थान हा नोंदणीकृत ट्रस्ट असून देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. सदर व्यक्ती कोणत्या गटात व कोणास सापडली याबाबत तलाठी, ग्रामसेवक, जेसीबीचालक व निवृत्त शिक्षक यांचे जबाब झालेले आहेत. खुद्द देवाचा जबाब अद्याप कोणीही घेतलेला नाही.

तरी दोन पंचांसमक्ष देवाच्या डाव्या काठावरील शेंदूर साध्या तेलाने व मऊ कापडाने उतरवून, तेथे खाच आहे किंवा कसे ते पाहावे. खाच आढळल्यास अर्जदाराकडील कपची तीत बसवून पाहावी. बसल्यास ती कायमची बसवून देव पूर्ववत अखंड करून देण्याची अर्जदाराची तयारी आहे, त्यामुळे विसर्जनाचा प्रश्न उद्भवत नाही. त्यानंतर तलाठ्यांच्या पंचनाम्यातील 'वस्तू कोणास सापडली' या रकान्यातील 'स्वयंभू' हा शब्द खोडून तेथे 'भारत, शेतकरी, गट नंबर दोनशे चौदा' असे लिहावे. आणि ज्याचे नाव खोडले त्याची सही घेण्याचा नियम असल्याने, सदर खोडाखोडीवर श्री स्वयंभू यांची स्वाक्षरी घेऊन त्याची साक्षांकित प्रत अर्जदारास सात दिवसांच्या आत टपालाने पाठवावी, ही नम्र विनंती."